डुगडुगणारा बाक आणि काड्यांचे त्रिकोण

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेत तिसरी ते पाचवीच्या मुलांचं प्रदर्शन भरलं होतं. टेबलांवर पांढऱ्याशुभ्र थर्माकोलची घरं, लाल पाणी ओकणारे ज्वालामुखी आणि बॅटरीवर फिरणारी एक पवनचक्की अशा वस्तू ओळीनं मांडल्या होत्या. शेवटच्या टेबलावर चौथीतल्या एका मुलानं ज्वारीच्या धाटाची बैलगाडी ठेवली होती. भेंडाची चाकं, सालपटाच्या काड्यांचा साटा. गाडीचं एक चाक अडकत होतं. का अडकतं, असं विचारल्यावर त्यानं चटकन गाडी उलटी केली. "बाई, आसाचं भोक तिरपं पडलंय. भेंड ओला होता. आता वाळलेल्या धाटाचं दुसरं चाक करणार आहे."

शेजारच्या पवनचक्कीच्या मालकिणीला आम्ही विचारलं, "वारा नाही, तरी ही फिरते कशी गं?" ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "पप्पांनी दुकानातून आणलीय."

पहिलं बक्षीस पवनचक्कीला मिळालं. परीक्षक आम्हीच होतो.

त्या मुलीचा यात काही दोष नव्हता. 'प्रकल्प करून आणा' एवढंच आम्ही सांगितलं होतं. कुठे करायचा, कशापासून करायचा, कुणी करायचा, यातलं काहीच सांगितलं नव्हतं. गाडीवाल्या मुलाला मात्र त्या दिवशी एक धडा मिळाला, की शाळेत चकचकीत दिसणं महत्त्वाचं. तो धडा आम्ही दिला होता. पुढच्या वर्षी त्यानं प्रदर्शनात काहीच ठेवलं नाही.

मग आम्ही चार शिक्षकांनी बसून तीन नियम ठरवले. पहिला, वस्तू घरी नाही, वर्गातच करायची. दुसरा, सामान असं हवं की मोडलं, वाया गेलं तरी कुणी रागावणार नाही. तिसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा. केलेली वस्तू जमली की नाही, हे आम्हाला न विचारता मुलांना कळलं पाहिजे. चाक फिरतं किंवा अडकतं. पूल वजन पेलतो किंवा कोसळतो. तिथे बाईंच्या लाल पेनाची गरज पडत नाही. या तीन नियमांत बसणारा एक प्रकल्प आम्ही गेली काही वर्षं चौथी-पाचवीत करतो आहोत. तोच इथे सविस्तर सांगतो.

सामान कोणतं?

खराट्याच्या काड्या (म्हणजे नारळाच्या झावळीचे हीर), सायकलच्या दुकानात मिळणारी बारीक रबरी व्हॉल्व्ह ट्यूब, कात्री, पट्टी आणि बाभळीचा एक काटा किंवा जाड सुई. खराटा नसेल तर काडेपेटीतल्या काड्या चालतात. मात्र त्यांचं गुल आधी शिक्षकांनी खरवडून टाकावं.

ही कल्पना आमची नाही. अरविंद गुप्ता हे आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले अभियंते पुण्यात ट्रक बनवण्याच्या कारखान्यात नोकरी करत होते. १९७८ साली ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात (आता नर्मदापुरम) गेले. तिथल्या खेड्यापाड्यांतल्या शाळांमध्ये १९७२ पासून 'होशंगाबाद विज्ञान' हा उपक्रम सुरू झालेला होता. मुलांनी पाठ्यपुस्तकातली उत्तरं पाठ न करता प्रयोग करून विज्ञान शिकावं, असा त्याचा आग्रह होता. आठवडे-बाजारात मिळणाऱ्या वस्तूंमधून काय काय करता येईल, हे पाहता पाहता गुप्तांना काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूब यांची जोडी सापडली. नट-बोल्ट आणि पत्र्याच्या पट्ट्यांचा महागडा 'मेकॅनो' जे करतो त्यातलं बरंचसं ही जोडी करते. होशंगाबादचा उपक्रम २००२ साली बंद झाला, पण या काड्या देशभरातल्या शाळांत पोचल्या.

स्वस्त आहे म्हणून गरिबांसाठी, असं मात्र समजू नका. स्वस्त असण्याचा खरा फायदा वेगळाच आहे. महाग संच असला की तो कपाटात जातो आणि कपाटाला कुलूप लागतं. २०१६ पासून अनेक शाळांना अटल टिंकरिंग लॅब मिळाल्या, पण त्या सहावीपासून पुढच्या मुलांसाठी आहेत. तिसरी-चौथीच्या मुलाला आज, याच तासाला, हवी तेवढी मोडतोड करता येईल असं सामान म्हणजे खराट्याच्या काड्या.

आधी सांधे करू या

व्हॉल्व्ह ट्यूबचे दीड-दीड सेंटिमीटरचे तुकडे कापा. एका तुकड्यात दोन्ही बाजूंनी एकेक काडी खुपसली की दोन काड्यांचा सांधा तयार झाला. हा सांधा हवा तसा वाकतो.

तीन काड्यांचा सांधा हवा असेल तर तुकड्याच्या बरोबर मध्ये काट्यानं भोक पाडायचं आणि टोक काढलेली तिसरी काडी त्यात घुसवायची. चार काड्यांसाठी, या भोकातून ट्यूबचा दुसरा तुकडा ओढून घ्यायचा. दोन तुकडे अधिक-चिन्हासारखे एकमेकांत अडकतात आणि चार तोंडं मिळतात. काट्याचं काम पहिल्या दिवशी शिक्षकांनी करावं. मुलांच्या बोटाला टोचतंच. नंतर त्यांचा हात बसतो.

दहा-दहा सेंटिमीटरच्या काड्या कापून प्रत्येक गटाला एक त्रिकोण आणि एक चौरस करायला सांगा. करून झाल्यावर एकच सूचना द्या: "एक बाजू बाकावर दाबून धरा आणि दुसऱ्या हातानं आकार ढकलून पाहा."

चौरस लगेच कलंडतो. त्याचा पतंगासारखा आकार होतो, पार चपटासुद्धा होतो. त्रिकोण मात्र हलत नाही. रबराचा सांधा थोडा लवचिक असल्यामुळे किंचित थरथरतो, एवढंच.

असं का होतं? मुलांना आधी बोलू द्या. "त्रिकोण मजबूत असतो" हे उत्तर पुरेसं नाही, कारण काड्याही त्याच आणि ट्यूबही तीच. थोडं जवळून पाहू या. चौरसाच्या चारही बाजूंची लांबी न बदलता त्याचे कोन बदलता येतात. कलंडलेल्या चौरसाच्या बाजू पट्टीनं मोजा, दहाच्या दहाच भरतील. त्रिकोणात ही मुभा नाही. तीन बाजूंची लांबी ठरली की तीनही कोन ठरतात. कोन बदलायचा तर एखादी काडी लांब किंवा आखूड व्हायला हवी, आणि काडी काही ताणली जात नाही. सातवी-आठवीत आपण 'बाबाबा कसोटी' शिकवतो, तिचा हाच अर्थ आहे. चौथीतल्या मुलाला कसोटीचं नाव सांगायची गरज नाही. त्याच्या बोटांना ती कळलेली असते.

किती काड्या घातल्या की आकार पक्का?

आता चौरस पक्का करायला सांगा. थोड्या खटपटीनंतर कुणीतरी तिरपी काडी घालतं. ती किती लांब हवी? मुलं दहा सेंटिमीटरचीच काडी लावायला जातात आणि ती अपुरी पडते. मग मोजतात. साधारण चौदा सेंटिमीटर लागते. ती लावली की चौरसाचे दोन त्रिकोण होतात आणि तो हलायचा थांबतो.

याच पद्धतीनं पंचकोन, षट्कोन करून पाहा आणि काड्या मोजून फळ्यावर लिहा. तीन सांध्यांना ३ काड्या, चार सांध्यांना ५, पाच सांध्यांना ७, सहा सांध्यांना ९. "दोन-दोननं वाढतंय!" हे मुलांना चटकन दिसतं. का वाढतं, हेही त्यांना सांगता येतं. पक्क्या आकाराला एक नवीन सांधा जोडायचा तर त्याला दोन ठिकाणांहून धरून ठेवावं लागतं. एकाच काडीनं धरला तर तो घड्याळाच्या काट्यासारखा फिरेल.

यात एक गंमत आहे. पाचवीतल्या एका गटानं षट्कोनाला तीन जादा काड्या लावल्या, म्हणजे एकूण ९, तरी त्यांचा षट्कोन डुगडुगतच होता. नियम चुकला का? त्यांनी समोरासमोरचे दोन सांधे जोडून षट्कोनाचे दोन चौकोन केले होते. उरलेल्या दोन्ही काड्या एकाच चौकोनात फुलीसारख्या लावल्या होत्या. एका चौकोनात एक काडी फुकट गेली आणि दुसरा चौकोन उघडा राहिला. तेव्हा काड्यांची संख्या बरोबर असून भागत नाही, त्या योग्य जागीही लागतात. हे आम्ही शिकवलं नव्हतं. बिघडलेल्या षट्कोनानं शिकवलं.

सपाट आकार झाल्यावर घनाकृतींकडे वळू या. आता नवीन सांधा हवेत धरून ठेवायचा, म्हणून त्याला तीन काड्या लागतात, तिपाईच्या तीन पायांसारख्या. त्रिकोणाच्या तीन सांध्यांतून तीन काड्या उभ्या करून वर एकत्र बांधल्या की ६ काड्यांचा मनोरा होतो, आणि तो पक्का असतो. घनाला ८ सांधे आणि १२ काड्या असतात, पण तो हातात धरवत नाही, लगेच लोळागोळा होतो. त्याला आणखी ६ काड्या लागतात, प्रत्येक पृष्ठावर एक तिरपी. एकूण १८. सांध्यांच्या संख्येला तिनानं गुणायचं आणि सहा वजा करायचे, असा हा हिशेब आहे. मनोऱ्यासाठी करून पाहा, जमतो. अशा सांगाड्यांच्या काड्यांचा हा नियम जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६४ साली मांडला. विद्युतचुंबकत्वाची समीकरणं मांडणारे तेच हे मॅक्सवेल.

वर्गाबाहेर पाहू या

यानंतर मुलांना एक काम द्या: घरी जाताना त्रिकोण शोधायचे. आमच्या मुलांनी आणलेली यादी अशी होती: पत्र्याच्या छपराखालची कैची, विजेच्या मोठ्या तारांचे मनोरे, रेल्वेचा लोखंडी पूल, मोबाइलचा टॉवर, फळी खाली येऊ नये म्हणून भिंतीला लावलेला आधार, सायकल.

सायकलीवर वाद झाला. एक मुलगी म्हणाली, "मागचा त्रिकोण खरा आहे, पण पुढचा नाही. त्याला हँडलखाली छोटी चौथी बाजू आहे." तिचं म्हणणं बरोबर होतं. मग पुढचा भाग कलंडत का नाही? कारण तिथले सांधे रबरी नाहीत, पक्के जोडलेले आहेत. म्हणजे चौकोन पक्का करण्याचे दोन मार्ग झाले. एक तर तिरपी पट्टी घालायची, नाहीतर सांधाच असा घट्ट करायचा की कोन बदलणार नाही. आपल्या टेबल-खुर्च्या, दाराच्या चौकटी दुसऱ्या मार्गानं उभ्या असतात. सांधा ढिला झाला की मात्र त्यांचा काड्यांचा चौरस होतो.

हे वाक्य फळ्यावर लिहून होईपर्यंत मागून आवाज आला, "बाई, म्हणजे आपला शेवटचा बाक!"

शेवटचा बाक

शेवटच्या रांगेतला तो लाकडी बाक सगळ्या शाळेला माहीत होता. लिहिताना तो डावीकडे-उजवीकडे डोलायचा, त्यामुळे त्यावर बसणाऱ्याचं अक्षर बिघडायचं. तिथे बसायला कुणी तयार नसे, आणि उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला तो यायचा. आम्ही ठरवलं, की बाक दुरुस्त करायचा, पण आधी आराखडा.

प्रत्येक गटानं बाकाचं चित्र काढलं. दोन पाय, वरची फळी आणि जमीन, असा चौकोन त्यात दिसला. मापं घेतली. काय लावणार, कुठे, किती लांबीचं, हे कागदावर लिहिलं. या पायरीची गरज आम्हाला मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात झालेल्या कामातून कळली होती. तिथल्या संशोधकांनी शहरी आणि ग्रामीण शाळांतल्या सहावीच्या मुलांकडून पिशवी, वजन उचलणारी पवनचक्की, बाहुल्या अशा वस्तू करून घेतल्या. आधी आपसांत बोलून चित्र काढायचं, मग वस्तू करायची आणि शेवटी ती तपासायची, असा क्रम होता. चित्र काढताना मुलांना आपल्या कल्पनेतल्या अडचणी आधीच दिसायला लागतात.

पहिल्या गटानं सुतळी सुचवली. खर्च नाही, खिळे नाहीत. उजव्या पायाच्या तळापासून डाव्या पायाच्या माथ्यापर्यंत तिरपी सुतळी घट्ट बांधली. बाक डावीकडे ढकलला, हलला नाही. टाळ्या पडल्या. उजवीकडे ढकलला, आणि तो पूर्वीसारखाच कलंडला. सुतळी सैल लोंबत होती.

वर्गात शांतता पसरली. उत्तर आम्हाला माहीत होतं आणि जिभेवर आलंही होतं, पण आम्ही गप्प राहिलो. आमच्यासाठी त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम तेच होतं.

मुलं काड्यांच्या चौरसाकडे परत गेली. तिरप्या काडीच्या जागी दोरा बांधून पाहिला. तोही तसाच वागला. मग एकानं चौरसाचे दोन्ही कर्ण मोजले. सरळ असताना दोन्ही चौदा. एका बाजूला कलंडला की एक कर्ण लांब होतो, दुसरा आखूड. दुसऱ्या बाजूला कलंडला की याच्या उलट. दोरा लांब व्हायला विरोध करतो, पण आखूड व्हायला करत नाही, तो नुसता सैल पडतो. काडी दोन्हीला विरोध करते. म्हणजे सुतळी वापरायची तर दोन हव्यात, फुलीसारख्या. लाकडी पट्टी एकच पुरते.

ताण आणि दाब हे शब्द आम्ही त्यानंतर फळ्यावर लिहिले. आधी अनुभव आला आणि मग त्याला नाव मिळालं. हा क्रम उलटा केला असता तर ते दोन शब्द वहीतच राहिले असते.

दोन सुतळ्या बांधून बाक खरंच स्थिर झाला. पण आठवड्याभरात सुतळी ताणून सैल झाली, आणि शिवाय पायात अडकायला लागली. मग शाळेजवळच्या सुतारकाकांना बोलावलं. आराखडा पाहून ते म्हणाले, "खालपासून वरपर्यंत तिरपी पट्टी मारली तर पोरांनी पाय कुठं ठेवायचे?" त्यांनी वरच्या दोन्ही कोपऱ्यांत छोट्या तिरप्या पट्ट्या लावायला सांगितलं, म्हणजे प्रत्येक कोपऱ्यात एक लहान त्रिकोण. पायही मोकळे राहिले. खिळा पट्टीच्या अगदी टोकाला मारला तर लाकूड चिरतं, हेही त्यांनी दाखवलं. पट्ट्या त्यांनी कापल्या, खिळे मुलांनी ठोकले. एक खिळा वाकला, तो तसाच आहे.

शिक्षकांनी काय सांभाळावं?

हा प्रकल्प पाच-सहा तासिकांचा आहे. गट चार-चार मुलांचे असावेत. त्याहून मोठ्या गटात दोघं करतात आणि बाकीचे पाहतात. आमच्या एक लक्षात आलं, की मिश्र गटात कात्री आणि हातोडी मुलांच्या हातात जाते आणि लिहायची वही मुलींच्या. म्हणून प्रत्येक तासाला कामं आळीपाळीनं बदलावी. आवाज होणारच. शेजारच्या वर्गाला आधी कल्पना दिलेली बरी.

मुलांची चूक दुरुस्त करायला हात पुढे करू नका. "हे कुठे हलतंय?" एवढाच प्रश्न विचारा. आणि गुण देताना नुसती वस्तू पाहू नका. आम्ही आता प्रत्येक मुलाला तीन गोष्टी विचारतो. काय बिघडलं? का बिघडलं असं वाटतं? पुन्हा केलंस तर काय बदलशील? दुकानातून आणलेल्या वस्तूला या प्रश्नांची उत्तरं नसतात. स्वतः केलेल्या, अर्धवट, वाकड्या वस्तूला असतात.

त्या बैलगाडीवाल्या मुलानं याच तीन प्रश्नांची उत्तरं आम्ही न विचारता दिली होती. आसाचं भोक तिरपं, कारण भेंड ओला, आता वाळलेल्या धाटाचं चाक करणार. ती ऐकायला आम्हालाच काही वर्षं लागली. तो मुलगा तोवर आमच्या शाळेतून पुढे गेला होता. त्याचं बक्षीस द्यायचं राहूनच गेलं.

तुमच्या शाळेतही एखादा डुगडुगणारा बाक, लोंबणारं फाटक किंवा कलंडलेली खुंटाळी असेलच. आधी खराट्याच्या काड्या घेऊन बसा. आणि मुलांनी काय शोधलं, ते आम्हाला जरूर कळवा. नुसती जमलेली कामं नकोत, बिघडलेलीही कळवा.